सरकारी वकील कोणाचा?

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण खून करण्यात आला. पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. त्यानंतरच्या मोर्चांत 'फाशी द्या' ही घोषणा घुमली. संताप रास्तच होता. ज्या मंत्र्याच्या निकटवर्तीयावर आरोप, त्या धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्यासाठी ४ मार्च २०२५ उजाडावा लागला!

परंतु घोषणेने खटला चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनाने विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांना नेमले. मागणी गावकऱ्यांचीच होती आणि निकम यांच्या कर्तबगारीविषयी वाद नाही. मात्र २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते भारतीय जनता पक्षाचे उमेदवार होते. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य झाले. सरकारी वकील हा सरकारचा वकील नव्हे. आरोपीला अनुकूल असलेला पुरावाही न्यायालयापुढे ठेवणे हे त्याचे कर्तव्य होय. उद्या शिक्षा झाली तर आरोपी म्हणतील, राजकारणाने गोवले. कोणी सुटला तर गाव म्हणेल, धागा वरपर्यंत जाऊच दिला नाही. दोघांच्याही हाती हे कोलीत शासनानेच दिले आहे.

आणि ज्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत, त्यांचे काय? बीडच्या सीमेलगत, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. न्यायाधीशाने तरी काय करावे? समोर येईल त्याच पुराव्यावर त्याला निकाल द्यावा लागतो. गावात राहून, त्याच वाटेने शेतावर जाऊन साक्ष देणाऱ्याला संरक्षण हवे. साक्षीदार संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला. तो मस्साजोगच्या किती उंबरठ्यांपर्यंत पोहोचला, हे कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन विचारावे.

तपास करणारे पोलीस गृहखात्याचे, अभियोग संचालनालयही गृहखात्याचेच. नामवंत वकिलासाठी उपोषण करावे लागते, कारण नेहमीच्या सरकारी वकिलावर कोणाचा भरवसा उरलेला नाही. तेव्हा पुढचा मोर्चा फाशीसाठी नको. अभियोग संचालनालय गृहखात्याच्या कक्षेतून बाहेर काढा, या मागणीसाठी तो बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीवर न्यावा.