मैदान नसलेली शर्यत

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा रस्ता एकसंध झाला. या रस्त्याच्या खर्चावरून आणि श्रेयावरून जे वाद व्हावयाचे ते झाले, पुढेही होतील. त्यांत आज आम्हांस पडावयाचे नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते या रस्त्याच्या काठी उभ्या राहिलेल्या एका निराळ्याच प्रश्नाविषयी. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तीन तालुक्यांतून हा रस्ता जातो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. सोयाबीन आणि तूर ही त्याची पिके, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात त्याचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार यावे हे त्याचे दुर्दैव. अशा जिल्ह्याच्या उशाशी ताशी दीडशे किलोमीटर वेगाच्या हिशेबाने आखलेला आणि एकशेवीसची मर्यादा घातलेला पट्टा येऊन पडला. त्याचा शेतमालाच्या भावावर काय परिणाम झाला हे अर्थशास्त्रज्ञांनी सांगावे; तरुण पोरांच्या मनावर काय झाला हे मात्र कोणत्याही गॅरेजात तासभर बसले असता कळते.

आम्हांस असा तासभर बसण्याचा योग परवा वाशीमला पुसद नाक्यापाशी आला. आमच्या मोटारीचे दुरुस्तीचे काम चालू असता शेजारी एक जुनी मारुती ८०० उभी होती. तिची मागची बैठक काढून टाकलेली, दारांच्या आतले पत्रे उघडे, गालिचे आणि त्यांखालचे डांबरी थर खरवडून काढलेले, आणि छताखाली पाण्याच्या नळासाठी वापरतात त्या पाइपांची एक चौकट वेल्डिंग करून बसविलेली. ‘रेसिंगची गाडी बनवून राहिलो, सर,’ असे त्या बावीस-तेवीस वर्षांच्या कारागिराने सांगितले. पळवणार कोठे, असे विचारता तो सहज म्हणाला, ‘समृद्धीवर. रात्री दोननंतर मोकळाच राहते ना तो.’

या उत्तराने वाचकांस राग येईल, आणि तो योग्यच आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस प्रवासी जळून गेले, त्यास फार दिवस लोटलेले नाहीत. परंतु आम्ही अनेक वर्षे मास्तरकी केलेली असल्याने पोरांची उत्तरे चुकली म्हणजे प्रश्न कोणी कसा घातला होता तेही तपासण्याची खोड आम्हांस जडली आहे. व्याकरणात नापास होणारा आणि सायकलचा फ्रीव्हील डोळे झाकून जोडणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याच्या हातांतील विद्येस शाळेने कधी गुण दिले नाहीत. आता समाज तिला दंडच देतो.

त्या मुलाने जे केले होते त्यातील निम्मे शास्त्रशुद्ध होते, हे आधी मान्य केले पाहिजे. रस्त्यावरची मोटार शर्यतीची करावयाची तर प्रारंभ इंजिनापासून होत नाही, वजनापासून होतो. मारुती ८०० चे वजन साधारण साडेसहाशे किलो, इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचे, शक्ती सदतीस अश्वशक्तीच्या आसपास. बैठका, गालिचे, अस्तरे असा शंभर किलो माल काढला तर चालकासह धरूनही सुमारे सातव्या हिश्शाने ओझे कमी होते, आणि इंजिनास बोटही न लावता गाडी तरतरीत होते. यापुढचा क्रम जाणकार असा सांगतात: आधी थांबण्याची शक्ती, मग वळण्याची, आणि सर्वांच्या शेवटी पळण्याची. ब्रेक, टायर, स्प्रिंगा आणि धक्काशोषक यांचे काम झाल्यावाचून इंजिनास हात घालू नये. ताशी ऐंशीवरून एकशेवीसवर गेलेल्या मोटारीच्या अंगी सव्वादोन पट ऊर्जा असते आणि ती सारी ब्रेकांना गिळावी लागते, हे गणित आमच्या नववीच्या विद्यार्थ्यासही सोडविता येईल. पोरे मात्र नेमका उलटा क्रम लावतात. पहिल्यांदा सायलेन्सर कापतात; गाव जागे झाले की गाडी वेगवान झाली असे त्यांस वाटते.

परंतु खरा धोका याहून सूक्ष्म आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. शर्यतीच्या मोटारीत जी साधने जीव वाचवितात तीच रस्त्यावर जीव घेऊ शकतात. नळ्यांचा पिंजरा घ्या. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून तो असतो. पण त्याच्या आत बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि खांद्यांवरून, कमरेवरून घट्ट आवळलेले पट्टे असतात. हेल्मेटवाचून त्याच पिंजऱ्यात बसलेल्या माणसाची कवटी साध्या धडकेतही त्या लोखंडावर आदळते. शर्यतीचे ब्रेक पॅड तापल्यावर चांगले धरतात, थंड असता धरीत नाहीत. बाजारपेठेतून सावकाश निघालेल्या गाडीसमोर म्हैस आडवी आली तर ते ऐनवेळी दगा देतील. नक्षी नसलेले गुळगुळीत टायर कोरड्या मैदानास चिकटतात आणि पहिल्या सरीत साबणासारखे सुटतात. कडक स्प्रिंगा सपाट पट्ट्यावर गाडी सरळ ठेवतात, खाचखळग्यांत मात्र चाक जमिनीवर टेकूच देत नाहीत. म्हणजे गाडी एक तर रस्त्याची असावी, नाही तर शर्यतीची. दोन्हींची म्हणून जी केली जाते ती कोणाचीच राहत नाही. शिवाय पाण्याच्या पाइपाचा पिंजरा हा पिंजराच नव्हे. त्या कामाला सांधा नसलेली, ठरावीक जाडीची पोलादी नळी लागते. सांध्याची नळी धक्क्यासरशी उकलते आणि तिची टोके आतल्या माणसाकडेच वळतात.

ही भीती काल्पनिक नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे एका चोवीस वर्षांच्या तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेत असता पंख्याचे पाते तुटून वर्मी लागले आणि तो गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बुद्धीचे कौतुक करणारे पुष्कळ निघाले. तो जिवंत असता त्याचे पाते तपासून देणारा एक मनुष्य निघाला असता तर त्या कौतुकाची गरज पडली नसती. त्याच वर्षाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, जे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, एका कारागिराने भंगारातून चारचाकी उभी केली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ती पाहून, नियमांत न बसणारी ही गाडी अधिकारी आज ना उद्या थांबवतील असे म्हटले आणि तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबास मिळालीही. औदार्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक कारागिराच्या नशिबी उद्योगपती यावा अशी व्यवस्था काही राज्यकारभार म्हणता येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाने करू नयेत. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्यास १८९ वे कलम आहेच. हे सारे आम्हांस मान्य आहे. रस्ता सर्वांचा, तेथे एकाच्या हौसेपायी दुसऱ्याचे रक्त सांडता कामा नये, आणि पुसद नाक्यावरची ती मारुती उद्या महामार्गावर सापडली तर ती जप्त करावी असेच आम्ही म्हणू.

पण हाच कायदा आणखी बारकाईने वाचला तर त्यात दोन दारे उघडी दिसतात आणि ती उघडी आहेत हे आमच्या अधिकाऱ्यांस बहुधा ठाऊक नाही, किंवा असूनही आठवत नाही. एक, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी तयार केलेले विशेष प्रकारचे वाहन हे त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘मोटार वाहन’च नव्हे. नोंदणी रीतसर रद्द करवून घेतलेली, रस्त्यावर कधी न येणारी आणि ट्रकवर चढवूनच मैदानापर्यंत नेली जाणारी गाडी हा पूर्णपणे निराळा प्रकार आहे. दोन, १८९ व्या कलमातला गुन्हा राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून लावलेल्या शर्यतीचा आहे. लेखी संमती देता येते असा याचा उघड अर्थ. संसदेने दार ठेवले, प्रशासनाने त्यावर कडी घातली.

जगात ही विद्या वाढली ती अशाच दारांतून. १९४८ साली कॉलिन चॅपमन या इंग्रज तरुणाने लंडनमधल्या एका लहानशा गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे त्याच्याच लोटस कंपनीने १९६३ चे जागतिक अजिंक्यपद मिळविले. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेनने मिसरूडही फुटले नव्हते अशा वयात वडिलांच्या मदतीने सुटी पडलेली ऑस्टिन सेव्हन जोडून शर्यतीत उतरविली. ही माणसे अलौकिक होती हे खरे, पण त्यांना जागा होती हेही तितकेच खरे. युद्ध संपताच ओस पडलेल्या विमानतळांवर इंग्लंडात शर्यती सुरू झाल्या. सिल्व्हरस्टोन हे त्यांतलेच एक. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर हेच घडले. तेथे गाजलेल्या कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी तर आमच्या पुसद नाक्यावरच्या मुलाचेच साहित्य घेतले: मारुती ८०० चे इंजिन. ते त्यांनी नळ्यांच्या शास्त्रोक्त सांगाड्यात बसवून एका आसनाची शर्यतीची मोटार केली. या ‘फॉर्म्युला मारुती’तून ज्यांनी पहिली पावले टाकली त्यांत नारायण कार्तिकेयन होता, आणि २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. इंजिन तेच, हौस तीच. फरक जागेचा आणि तपासणाऱ्या डोळ्याचा.

वाशीमहून चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई काय किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट काय, हजार किलोमीटरांच्या आसपास. मध्य प्रदेशात पीथमपूरला बाहा स्पर्धा होते, पण ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी. गॅरेजातल्या पोराने कोठे जावे?

येथे कोणी म्हणेल की ज्या जिल्ह्यात पाण्याची आणि कर्जाची भ्रांत, तेथे हे श्रीमंतांचे चोचले कशासाठी? आम्हांस हा आक्षेप वरवरचा वाटतो. वऱ्हाडातील शेतकऱ्याने कर्जातही शंकरपट सोडला नाही, आणि तो काही श्रीमंत नव्हता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. तेव्हा आमच्या लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून काय केले? विधिमंडळात कायदा केला, न्यायालयात लढले, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळविली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाकडून त्या कायद्यावर शिक्कामोर्तबही करून घेतले. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, नियम पाळून पट भरविता येतो. बैलांच्या शर्यतीस इतके कष्ट घेणाऱ्या राज्यास मोटारीसाठी नवा कायदाही करावयास नको. जो आहे त्यातील एक ओळ वापरावयाची आहे.

त्यासाठी कोट्यवधींचा ट्रॅकही नको. ऑटोक्रॉस नावाचा प्रकार मोकळ्या, रोलर फिरविलेल्या जमिनीवर चालतो. दोऱ्या बांधून आखलेल्या वाटेवर एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध पळते, वळणे जवळ जवळ असल्याने वेग आटोक्यात राहतो, आणि समोरासमोर टक्कर होण्याचा प्रश्नच येत नाही. प्रेक्षक दूर बांधाआड, रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब जागेवर, आणि मुख्य म्हणजे पिंजरा, पट्टे, हेल्मेट, बॅटरी तोडण्याची कळ यांची तपासणी झाल्यावाचून कोणासही सुरुवातीच्या रेषेवर येऊ देऊ नये. हे नियम नव्याने लिहावयाचे नाहीत. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेने ते केलेले आहेत. तपासणीस परिवहन कार्यालयाचे मोटार वाहन निरीक्षक आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डिंगचे शिक्षक बसले म्हणजे पाण्याचा पाइप आणि पोलादी नळी यांतील भेद त्या मुलांस एका सकाळी शिकविता येईल. तो शिकलेला वेल्डर पुढे शाळेच्या बसला चांगला सांधा मारील, हा आमचा यातला स्वार्थ.

अर्ज कोणी करावयाचा, एवढे उरते. गॅरेजातली मुले तो करतील ही अपेक्षा फोल आहे. सरकारी कचेरीची पायरी ती फक्त चलान भरण्यासाठी चढतात. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांनी संस्थेच्या नावे करावा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या शिफारशीसह तो मंत्रालयाकडे धाडावा. रब्बीची सोंगणी आटोपली की मार्चअखेर रोलर फिरविण्याजोगी जमीन भाड्याने मिळते, आणि पावसाळ्यापूर्वी दोन महिने हाती असतात.