विश्लेषण : रिठदच्या शिवारातली माती जाते कुठे? नदीच्या मुखाशी वाळूची बेटे कशी तयार होतात?

जूनमध्ये सोयाबीनची पेरणी होते आणि पहिल्याच जोरदार पावसात रिसोड तालुक्यातील रिठद परिसरातले ओढे-नाले गढूळ होऊन पैनगंगेकडे धावतात. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होते, तर प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे वाशीम जिल्हा समुद्रापासून कितीही दूर असला, तरी गोदावरीच्या मुखाशी जमीन घडवणारा गाळ इथूनही निघतो. मात्र आता तो तिथे पूर्वीसारखा पोहोचत नाही.

वाळूचे दांडे कसे तयार होतात?

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमच्या खाली गोदावरी फुटते. गौतमी आणि वसिष्ठा या तिच्या दोन मोठ्या शाखा. इथे उतार जवळजवळ संपतो. पात्राची रुंदी दुप्पट झाली आणि खोली व पाणी तेवढेच राहिले, तर वेग निम्मा होतो. मात्र गाळ वाहून नेण्याची ताकद निम्म्याहूनही खूप कमी होते. त्यामुळे जाड वाळू आधी खाली बसते. मुखाशी पाणी समुद्रात पसरताना हेच घडते आणि प्रवाहाच्या मध्यभागी वाळूचा दांडा तयार होतो.

हे दांडे बदलतात का?

हो. दांडा उंच झाला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढते. एका शाखेच्या दोन होतात आणि त्यांच्या तोंडाशी पुन्हा नवे दांडे साचतात. पूर आला की दांड्याची वरची बाजू खरवडली जाते आणि ती वाळू खालच्या टोकाला बसते. त्यामुळे दांडा हळूहळू पुढे सरकतो. भरती-ओहोटी त्याला लांबट करते, लाटा वाळू किनाऱ्याने ओढून नेतात. काकीनाड्यासमोरचे होप बेट अशाच वाळूचे आहे. दांड्यावर गवत, झुडपे किंवा खारफुटी रुजली, की बारीक माती अडकते आणि बेट स्थिर होते. गोदावरीतील अशा बेटांना तिथे ‘लंका’ म्हणतात. त्यांवर शेती होते, गावे वसली आहेत.

मग अडचण काय?

गाळ वाटेत अडतो. पैनगंगेवर इसापूर, गोदावरीवर जायकवाडी, श्रीरामसागर अशी धरणे आहेत. जाड वाळू जवळपास सगळी आणि बारीक मातीचाही मोठा भाग जलाशयात बसतो. अभ्यासकांच्या नोंदींनुसार, १९७०च्या दशकात गोदावरीतून वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ वाहत होता. १९९०च्या दशकात तो सुमारे ५.७ कोटी टनांवर आला. १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावर नव्याने तयार झालेली जमीन वजा करूनही सुमारे १,८०० हेक्टर जमीन समुद्राने गिळली. नवा गाळ आला नाही, तरी लाटांचे काम थांबत नाही.

रिठदच्या शेतकऱ्याचा संबंध काय?

काळी माती बारीक असते. तिचे दांडे होत नाहीत, पण दांड्यांवर आणि खारफुटीत तीच बसते. तरीही शेतातली माती समुद्राला द्यावी, असा याचा अर्थ नाही. शेताचा वरचा थर सर्वांत सुपीक असतो. तो गेला की शेत हलके होते आणि धरणाची साठवण घटते. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, बांधबंदिस्ती यांमुळे माती जागेवर राहते. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावातला गाळ शेतात नेला जातो, तोही याच हिशेबाने.

किनाऱ्याला खरी गरज आहे ती वाळूची. ती धरणांत अडते आणि उरलेली पात्रातून उपसली जाते. म्हणून शेतात माती राखणे आणि नदीत वाळू राखणे, ही दोन्ही कामे एकाच नदीसाठी आहेत. एक रिठदच्या बांधावर करायचे आहे, दुसरे पैनगंगेच्या पात्रात.