गोटी ठेवा, निरोप ऐका

टीव्हीच्या रिमोटवरची बटणं कधी मोजलीत? मोजू नका. त्यातली आपण वापरतो फार तर सहा. सेट टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा, एसीचा वेगळा, आणि आता बल्बसाठीसुद्धा अ‍ॅप. दिवा लावायचा तर फोन शोधा, लॉक उघडा, अपडेट मागत असेल तर ते द्या... तोवर माणूस अंधारातच बसायला शिकतो. आम्ही आयटीवाले याला 'स्मार्ट' म्हणतो. असो.

याच्या अगदी उलटा विचार १९९२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या डरेल बिशप या विद्यार्थ्याने केला होता. फोनवरचे निरोप रेकॉर्ड करणारं यंत्र. कुणी निरोप ठेवला की त्यातून एक गोटी बाहेर येणार. चार गोट्या म्हणजे चार निरोप. गोटी उचलून खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येणार, आणि फोनवरच्या जागेत ठेवली की निरोप ठेवणाऱ्यालाच फोन लागणार. बस्स! मॅन्युअल नाही की मेनू नाही. नमुन्यापुरतंच होतं ते, पण खोलीत शिरल्याशिरल्या काय चाललंय ते नुसतं बघून कळतं, हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

म्हणूनच २०१२ साली आलेल्या मेकी मेकीच्या केळ्यांच्या पियानोचं मला तितकंसं कौतुक नाही. विजेचा किरकोळ प्रवाह केळ्यातून आणि आपल्या अंगातून जातो आणि कॉम्प्युटरला वाटतं की बटण दाबलं. मुलांना सर्किट शिकवायला झकास आहे. पण केळं आणि 'सा' यांचा संबंध काय? दोन दिवस मजा, मग शिकरण.

जर्मनीत २०१६ साली आलेला टोनीबॉक्स मात्र पटतो. डब्यावर बाहुली ठेवली की तिची गोष्ट सुरू, उचलली की बंद. लहान मुलांना हे जमतं, तर म्हाताऱ्या माणसांसाठी का नको? आमच्या आजीला गाणी हवी असतात, पण दिसतं कमी, आणि बोलक्या स्पीकरला तिचं मराठी कळत नाही. 'अरे, लावून दे ना' असं दिवसातून किती वेळा म्हणायचं, याचा तिला संकोच वाटतो.

त्यामुळे रास्पबेरी पाय, आरसी५२२ नावाचा छोटा रीडर आणि चिकटवायचे टॅग असं जमवलं. वस्तू आजीनेच निवडल्या. जुनी लाकडी रवी म्हणजे सकाळचे अभंग. आजोबांची सुपारीची लाकडी डबी म्हणजे नाट्यगीतं. कारण विचारायची गरज पडली नाही. (स्टीलच्या वाट्यांवर साधा टॅग चालत नाही, धातू १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मारून टाकतो. आपल्या स्वयंपाकघरात धातू नसलेली वस्तू शोधून दाखवा!) वस्तू ठेवली की सुरू, उचलली की बंद. हाताला ओळखू येते, त्यामुळे डोळ्यांचं काम नाही.

सगळीकडे असंच करावं असं माझं म्हणणं नाही. पंख्याच्या गोल रेग्युलेटरला कृपया कुणी हात लावू नये, तो आधीच उत्तम आहे.

ऑफिसातल्या एकाने विचारलं, वस्तू हरवली तर? तर दुसऱ्या वस्तूला नवा टॅग लावायचा आणि फाइलमधली एक ओळ बदलायची. रिमोट तरी कुठे जागेवर सापडतो? आमचा सध्या सोफ्याच्या फटीत आहे.