काळ्या वाळूचा ताळेबंद

केरळातील चवरा-आलप्पाड किनाऱ्यावरची काळी वाळू ही राष्ट्रीय संपत्ती आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न ती मोजण्याच्या रीतीचा आहे. क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५, इल्मेनाइटचे सुमारे ४.७, म्हणून लाटा हलके कण ओढून नेतात आणि जड खनिजे मागे उरतात. या युगानुयुगांच्या पाखडणीतूनच इल्मेनाइट, झिरकॉन व थोरियमयुक्त मोनाझाइट यांचा संचय झाला. परंतु वाळूत आढळलेला साठा निराळा आणि किफायतीने काढता येण्याजोगा साठा निराळा. घोषणांत बहुधा पहिलाच आकडा मिरवतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना उत्खननाचा खर्च काटेकोरपणे वजा होतो. किनारा खचला तर त्याचा भुर्दंड मात्र मच्छीमाराच्या खात्यावर राहतो. आलप्पाड म्हणजे समुद्र आणि कालवा यांमधील चिंचोळी पट्टी. २००४ च्या त्सुनामीने ती झोडपली. २०१९ साली उत्खनन थांबवा या तेथील मागणीचा आवाज देशभर पोहोचला. उत्खनन करणाऱ्या कंपन्या सार्वजनिक क्षेत्रातील आहेत, हे आम्हां समाजवाद्यांना अडचणीचे वाटेल, वाटू द्यावे. इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे, तेव्हा हा प्रश्न एकट्या केरळचा नव्हे. खाणपट्टा देण्यापूर्वी किनारा, घरे व मासेमारी यांचे मोल खर्चाच्या बाजूस मांडलेला ताळेबंद ग्रामसभेपुढे, गावाच्या भाषेत ठेवावा, अशी आमची मागणी आहे.