खाली येतोस का?

वर्षभर एक पाटी डोळ्यांत सलते आहे. पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही जा, सोसायटीच्या फाटकाशी ती दिसतेच: ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे.’ खाली ‘हुकुमावरून’. आणि तिच्या शेजारी दुसरी पाटी: ‘वाहने कृपया शिस्तीत लावावीत.’ गाडीवाल्याला विनंती आणि पोराला हुकूम!

2025 या वर्षात घडायचं ते बरंच घडलं. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभ्या पिकांसकट रानातली मातीही वाहून नेली. तिथल्या अनेक घरांत यंदा दिवाळी कशी साजरी होणार, हे विचारायचंही धाडस होत नाही. या साऱ्याविषयी या दिवाळी अंकात सविस्तर वाचायला मिळेलच. इथे मात्र त्या पाटीविषयीच बोलायचं आहे.

‘हल्ली मुलं खेळतच नाहीत’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. क्रिकेटचं कोचिंग, फुटबॉल, स्केटिंग, पोहणं, सगळं चालू आहे. गेला आहे तो खेळ जमवण्याचा भाग, आणि तो पूर्णपणे मुलांचा होता. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून, चहा-पोळी पोटात ढकलून एक जण खाली उतरायचा. वाड्याच्या चौकात किंवा चाळीच्या अंगणात उभा राहून वर बघत हाक घालायचा, ‘ए बंड्या, खाली येतोस का?’ गॅलरीतून कधी बंड्या डोकवायचा, कधी त्याची आई. ‘पाढे झाल्याशिवाय येणार नाही तो!’ मग पुढच्या खिडकीखाली पुढची हाक. तिघं जमले की गोट्या, पाच-सहा झाले की डबा ऐसपैस, दहा झाले की लगोरी नाहीतर आट्यापाट्या. कोणता खेळ खेळायचा हे किती भिडू आले त्यावर ठरे, आणि तो कधी थांबवायचा हे दिवेलागणीवर.

मग भिडू पाडायचे. दोघं कप्तान. बाकीच्यांनी जोड्या करून, गळ्यात हात टाकून कोपऱ्यात जायचं, आपापसांत गुपचूप दोन नावं ठरवायची आणि येऊन कप्तानांना विचारायचं, वाघ हवा की सिंह? कोण कुणाच्या वाट्याला येईल ते आधी कळायचं नाही, त्यामुळे वशिला चालत नसे. पकडापकडी असेल तर चकायचं आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग, हा अन्याय सगळे निमूट सोसत, कारण तो रुसून बॅट घेऊन घरी गेला तर सगळ्यांचाच खेळ बसणार हे प्रत्येकाला कळत होतं. भांडण झालं तर मिटवायला मोठं माणूस येत नसे. ‘रडीचा डाव’ म्हणून एकदा ठप्पा बसला की तो पुसायला पुढचे चार दिवस नीट खेळावं लागे.

या साऱ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो लिंबूटिंबू. कुणाचा तरी चार वर्षांचा धाकटा भाऊ मागे लागून आलेला असे. त्याला घरी पाठवायचं नाही, पण त्याच्यावर राज्यही द्यायचं नाही. तो पळणार, ओरडणार, आउट मात्र होणार नाही. दुबळ्याला सामावून घेणारा हा नियम कोणत्याही शिक्षकाने शिकवला नव्हता. पोरांनी तो पोरांकडून घेतला आणि पुढच्या पोरांना दिला.

आज एकाच इमारतीत तिसऱ्या आणि सातव्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मुलांचा खेळ त्यांच्या आया व्हॉट्सॲपवर ठरवतात. मंगळवारी अबॅकस, बुधवारी स्विमिंग, मग गुरुवारी सहा ते पावणेसात जमेल का? शेजारच्या सोसायटीतला मित्र आला, तर फाटकावर त्याने नाव आणि फ्लॅट नंबर सांगायचा आणि वरून होकार येईपर्यंत थांबायचं. नऊ वर्षांचं पोर, पण नोंद ‘व्हिजिटर’ अशी. या आयांना मी दोष देत नाही. रस्त्यावरची वाहनं आणि बातम्यांतली भीती दोन्ही खरी आहेत. पण म्हणूनच फाटकाच्या आतली जागा मुलांना मिळायला हवी होती. ती आपण गाड्यांना दिली. जुनी इमारत पाडून नवी उभी राहते तेव्हा सभासद वाढीव चौरस फूट आणि पार्किंग यांवर महिनोन् महिने वाद घालतात. अंगणाचं काय झालं, हे कितीसे जण विचारतात? मुंबईसाठी बांधकामाची वेगळी नियमावली आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा मोकळी, मनोरंजनासाठी ठेवायला सांगितली आहे. नकाशावर ती असते. प्रत्यक्षात तिथे लॉन लावलेलं असतं आणि लॉनवर पाय ठेवायला बंदी असते. बालहक्कांच्या ज्या करारावर भारताने 1992 साली मान्यतेची मोहोर उमटवली, त्याचं 31 वं कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. आपल्या सोसायटीची पाटी तो हक्क खिळा ठोकून नाकारते.

दुपारी आजींना झोप हवी, दहावीच्या मुलाला शांतता हवी, काचा फुटतात, हे सगळं मान्य. त्यासाठी वेळ ठरवा, चेंडू मऊ आणायला सांगा. सरसकट बंदी हा आळस आहे. आणि जुनं ते सगळं सोनं होतं, असंही माझं म्हणणं नाही. वाड्यातल्या हाका सगळ्यांना जात नव्हत्या. जात बघून न बोलावलेली मुलं होती, आणि मोठ्या होताच घरात बसवलेल्या मुली होत्या. म्हणून आज अंगण उघडायचं तर ते वॉचमनच्या मुलीला आणि घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलालाही उघडायला हवं.

या अंकाचा विषय ‘शेजार’ ठरला तो याच विचारांतून. शेजार मोठ्यांच्या वाटीभर साखरेने जितका जुळला, तितकाच पोरांच्या हाकांनीही. दिवाळीचा किल्ला हे त्याचं अजून टिकलेलं रूप. दगड, गोणपाट, चिखल, त्यावर पेरलेले अळीव, माथ्यावर महाराज आणि उतारावर मावळे. तयार प्लास्टरचा किल्ला आणला तर मूर्ती मांडण्याखेरीज पोरांना काम उरत नाही. मातीचा करायचा तर माती आणणारा, पाणी ओतणारा आणि बुरूज ढासळला म्हणून दुसऱ्यावर ओरडणारा, सगळेच लागतात.

वाचकहो, दरवर्षी तुम्ही हा अंक आपला मानून घेता, म्हणून हक्काने सांगतो. सुट्टीत आवाराचा एक कोपरा किल्ल्याला द्या आणि चिखल झाला तर चार दिवस सोसा. एवढ्यावर थांबूही नका. सहकारी सोसायट्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पुढच्या सभेत ठराव मांडा: रोज संध्याकाळी 5 ते 7 आवार मुलांचं, त्या वेळात मधल्या जागेत गाडी उभी राहणार नाही, आणि ‘सक्त मनाई’ची पाटी उतरवली जाईल. सूचक व्हायला कुणी तयार नसेल तर तुम्ही व्हा. अनुमोदन द्यायला ज्यांच्या घरी मुलं आहेत ते उठतीलच.



— संपादक