जखमांचे कौतुक आणि श्रमांचे मोल

२४ सप्टेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलियातील वोलनगाँग येथे महिलांची जागतिक अजिंक्यपदाची सायकल शर्यत झाली. सुमारे १६४ किलोमीटरांची ही शर्यत नेदरलंड्सच्या अॅनमीक फान फ्ल्यूटन हिने जिंकली, तेव्हा तिच्या कोपराचे हाड मोडलेले होते. तीनच दिवसांपूर्वी मिश्र सांघिक शर्यतीत निघता निघताच ती कोसळली होती. चढावर सायकलपटू सीटवरून उठतो आणि हातांनी हँडल खेचून पायांत बळ आणतो; तिला ते शक्य नव्हते. म्हणून त्या दिवशी तिने मारिआन फोस या सहकारिणीसाठी राबावे, असे ठरले होते. प्रत्यक्षात मात्र मागून येऊन पुढच्या गटाला गाठताक्षणीच तिने शेवटच्या किलोमीटरमध्ये मुसंडी मारली, आणि चाळिशीला दोन आठवडे उरले असताना विश्वविजेतीची इंद्रधनुषी जर्सी पटकावली.

या विजयाची वार्ता जगभर पोहोचली आणि ती पोहोचावी हे उचितच होते. परंतु त्या वार्तेत विजयापेक्षा मोडलेले कोपरच अधिक ठळक होते, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी या स्त्रीने इटली, फ्रान्स आणि स्पेन या तिन्ही देशांतील महिलांच्या प्रमुख शर्यती जिंकल्या होत्या. हा पराक्रम किती वाचकांना ठाऊक आहे? महिलांच्या शर्यतींना एरवी दोन ओळींची जागा न देणारा समाज हाड मोडले की मात्र थबकून पाहतो. अशा पाहण्याला कौतुक म्हणता येईल. मान्यता म्हणता येणार नाही. या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे, आणि महिलांच्या व्यावसायिक सायकल शर्यतींचा इतिहास हा त्या फरकाचाच इतिहास आहे.

टाळ्या मिळाल्या, नोंद नाही

१९२४ साली इटलीच्या ‘जिरो’ या पुरुषांच्या शर्यतीत आल्फोन्सिना स्ट्राडा ही एकमेव स्त्री उतरली. मोबदल्याच्या वादावरून त्या वर्षी नामवंत पुरुष खेळाडूंनी शर्यतीकडे पाठ फिरवली होती, आणि आयोजक वृत्तपत्राला लोकांचे कुतूहल जागे करणारे काही तरी हवेच होते. बारा टप्पे आणि साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरांचा तो मार्ग. लाक्विला ते पेरुजा या टप्प्यात वादळी पावसात ती पडली. तिच्या सायकलचे हँडल तुटले. झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून तिने ते कसेबसे जोडले आणि मुक्काम गाठला. पण तोपर्यंत ठरलेली मुदत उलटून गेली होती. आयोजकांनी तिला पुढे जाऊ दिले, कारण रस्त्यारस्त्यावर लोक तिच्यासाठी गर्दी करीत होते. मात्र क्रमवारीतून तिचे नाव वगळण्यात आले. निघालेल्या ९० जणांपैकी ३० जणांची नावे अंतिम यादीत आली. स्ट्राडा मिलानपर्यंत पोहोचली. तिचे नाव यादीत नाही. पुढच्या वर्षी तर तिला प्रवेशच नाकारण्यात आला.

मुदत सर्वांना सारखीच लागू होती, असे आयोजकांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते चूक नाही. परंतु जिच्या नावावर गर्दी जमवायची तिला नियमाने बाहेर ठेवायचे, हा व्यवहार एकतर्फी होता. शर्यतीला तिचे आकर्षण हवे होते. तिला खेळाडू म्हणून स्थान द्यायचे नव्हते.

पुढची वाटचालही याच धर्तीवर झाली. महिलांची रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद शर्यत १९५८ मध्ये सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सायकल शर्यत १८९६ पासून होती. महिलांना रस्त्यावरील शर्यतीसाठी १९८४ च्या लॉस एंजेलिसपर्यंत वाट पाहावी लागली. त्याच १९८४ साली पुरुषांच्या ‘तूर द फ्रान्स’बरोबर महिलांची अनेक टप्प्यांची शर्यत घेण्यात आली. ती जिंकणाऱ्या मेरिअन मार्टिन या अमेरिकन तरुणीच्या हाती एक चषक आणि सुमारे एक हजार डॉलर पडले. पुरुष विजेत्याची कमाई त्याच्या कितीतरी पट होती. १९८९ नंतर ही शर्यत त्या स्वरूपात बंद पडली. इतरांनी वेगळ्या नावांनी चालवलेल्या शर्यतीही २००९ नंतर थांबल्या. खेळाडूंनी सह्यांची मोहीम चालविल्यावर २०१४ मध्ये पॅरिसमध्ये एका दिवसाची शर्यत पदरात पडली, आणि अनेक टप्प्यांची ‘तूर’ परत यायला २०२२ साल उजाडले.

मागणी आणि पुरवठा

येथे नेहमीचा आक्षेप पुढे येतो. खेळ हा व्यवसाय आहे. प्रेक्षक ज्याला मागणी देतात त्याला पैसा मिळतो. स्त्रियांच्या शर्यतींना मागणी नाही, म्हणून पैसा नाही. अर्थशास्त्राच्या नावाने मांडला जाणारा हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्याच कसोटीवर तपासून पाहिला पाहिजे.

सायकल शर्यतीला बहुतांशी तिकीट नसते. रस्ता सार्वजनिक, प्रेक्षक फुकट. संघ चालतो तो पुरस्कर्त्या कंपन्यांच्या पैशावर, आणि कंपन्या पैसा देतात तो जर्सीवरचे आपले नाव दूरचित्रवाणीवर किती वेळ दिसते यावर. म्हणजे या बाजारात माल मांडण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे प्रक्षेपण. ती जागाच दिली नाही, तर मागणी मोजणार कशी? जो माल दुकानात ठेवलेलाच नाही, त्याला गिऱ्हाईक नाही असे म्हणणे हा तर्क नव्हे. महिलांच्या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींचे निदान ४५ मिनिटांचे थेट प्रक्षेपण व्हावे, अशी अट आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२० पासून घातली. तीन-चार तासांच्या शर्यतीतील पाऊण तास, एवढ्यावर आधी समाधान मानावे लागले. २०२२ च्या ‘तूर’चे रोज थेट प्रक्षेपण झाले, तेव्हा फ्रान्समध्ये लक्षावधी लोकांनी ते पाहिले. मागणी नव्हती असे नव्हे. तिची परीक्षाच कोणी घेतली नव्हती.

२ ऑक्टोबर २०२१ रोजी पॅरिस–रूबे ही ख्यातनाम शर्यत महिलांसाठी प्रथमच झाली. पुरुषांची शर्यत सुरू झाल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून, पावसाने माखलेल्या चिखलातून इंग्लंडची लिझी डेग्नन सुमारे ८० किलोमीटर एकटी पुढे राहिली आणि जिंकली. तिच्या हँडलवर हातांचे रक्त लागलेले होते, आणि ते छायाचित्र सर्वत्र झळकले. तिचे पारितोषिक होते १,५३५ युरो. पुरुष विजेत्याचे ३०,००० युरो. फरक तिच्या संघाने स्वतःच्या खिशातून भरून दिला. संघाचे हे औदार्य प्रशंसनीय आहे. परंतु जे नियमाने मिळायला हवे ते औदार्याने मिळावे, यातच व्यवस्थेचा दोष उघड होतो.

शर्यती लहान असतात म्हणून पारितोषिक लहान, असेही सांगितले जाते. २०२२ च्या ‘तूर’मध्ये पुरुष २१ टप्पे धावले, स्त्रिया आठ. पुरुष विजेत्याला पाच लाख युरो मिळाले, महिला विजेतीला ५० हजार. टप्प्यामागे हिशेब केला तर त्याला सुमारे २३,८०० आणि तिला ६,२५० पडतात. अंतराचा युक्तिवाद मान्य करूनही पावणेचार पटींहून अधिक तफावत शिल्लक राहते. शिवाय टप्पे किती असावेत हे धावणाऱ्या स्त्रिया ठरवीत नाहीत.

थांबण्याचे स्वातंत्र्य

तथापि पारितोषिकापेक्षा वेतनाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पारितोषिक पहिल्या काही जणींना मिळते; वेतनावर सगळ्यांचा संसार चालतो. सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांसाठी किमान वेतन प्रथमच लागू झाले ते २०२० मध्ये, वर्षाला १५,००० युरो. २०२३ पर्यंत ते ३२,१०२ युरोंवर नेण्यात आले. बाळंतपणाच्या रजेची तरतूदही याच सुधारणांत आली. त्यापूर्वी वेतनाची कसलीच हमी नव्हती, आणि त्याखालच्या ‘काँटिनेंटल’ संघांतील स्त्रियांना ती आजही नाही.

दुखापतीसह धावण्याचा प्रश्न येथे येऊन भिडतो. जिचा करार वर्षापुरता आहे, जिला वेतन नाही किंवा नाममात्र आहे, ती पडल्यावर उठून पुन्हा सायकलवर बसते, तेव्हा त्यात धैर्य किती आणि निरुपाय किती, हे कोण सांगणार? टप्प्यांच्या शर्यतीत मध्येच बदली खेळाडू उतरवता येत नाही. शर्यत कोणासाठी थांबत नाही. डॉक्टरांनी तपासण्यात घालवलेला प्रत्येक मिनिट तिच्या खात्यावर पडतो. हाड मोडल्याचे निदान शरीराला कळते. डोक्याला मार बसला असेल, तर निर्णय घेणारा मेंदूच जायबंदी झालेला असतो. फान फ्ल्यूटन स्वतः २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना उतारावर कोसळली होती. कण्याची तीन हाडे मोडली आणि मेंदूला धक्का बसला. त्या दिवशी उठून पुढे जाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. २०१८ मध्ये गुडघ्याचे हाड मोडूनही तिने जागतिक शर्यत पूर्ण केली. २०२० मध्ये मनगट मोडल्यावर नवव्या दिवशी दुसरा क्रमांक मिळविला. ती नामवंत होती, तिच्यामागे संघ आणि डॉक्टर होते. ‘नको’ म्हणण्याचे सामर्थ्य असताना ती ‘हो’ म्हणाली, म्हणून तिच्या निर्णयाला शौर्य म्हणता येते. तोच मापदंड बिनपगारी मुलीला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि कॅमेरा जेथे नाही तेथील जखम कोण पाहतो? २०२४ मध्ये झुरिचच्या जागतिक स्पर्धेत, कनिष्ठ गटाच्या शर्यतीत, एक अठरा वर्षांची स्विस मुलगी पडली. तिचा अपघात बराच वेळ कोणाच्या लक्षातच आला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

हा प्रश्न युरोपातील रस्त्यांपुरता आहे, असे वाचकाने मानू नये. अंगात ताप असताना कचेरीत येणाऱ्या कारकुनाच्या निष्ठेची आपण वाखाणणी करतो; त्याची रजा शिल्लक आहे काय, हे विचारीत नाही. तासिका तत्त्वावर शिकविणारी अध्यापिका घसा बसलेला असतानाही वर्गावर जाते, कारण न घेतलेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत. तिच्या तळमळीचे गोडवे गाणे सोपे आहे, आणि स्वस्तही.

मग मान्यता म्हणजे काय? तिचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. २०२४ च्या ‘तूर’मध्ये आघाडीवर असलेली डेमी फॉलरिंग पाचव्या टप्प्यात पडली आणि तिने सुमारे पावणेदोन मिनिटे गमावली. माकडहाडाला इजा झालेली असताना तिने अखेरचा आल्प द’ह्यूएझचा टप्पा जिंकला, तरीही पोलंडच्या काशा नेव्यादोमाने ती शर्यत अवघ्या चार सेकंदांनी जिंकली. फॉलरिंगला दुखापतीबद्दल एक सेकंदही माफ झाला नाही, आणि होऊही नये. दोघींची वेळ मोजली गेली, दोघींची नावे यादीत आली, आणि लोक कित्येक दिवस त्या चार सेकंदांबद्दल वाद घालीत राहिले. स्ट्राडाला सहानुभूती मिळाली होती. या दोघींना हिशेब मिळाला. खेळाडूला हवा असतो तो हिशेबच.

तो सर्वांना मिळावा यासाठी करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. किमान वेतन खालच्या श्रेणीपर्यंत न्यावे. दुखापतीच्या काळात वेतन आणि करार दोन्ही सुरक्षित राहावेत. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूने पुढे जावे की नाही, हे संघाच्या पगारी डॉक्टराने नव्हे तर स्वतंत्र डॉक्टराने ठरवावे, आणि तपासणीत गेलेला वेळ तिच्या नावे धरू नये. शर्यत पहिल्या किलोमीटरपासून दाखवावी. यांपैकी प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो हे खरे. परंतु पैसा नाही म्हणून जोखीम खेळाडूच्या हाडांवर टाकायची, हीही एक अर्थव्यवस्थाच आहे, आणि ती आजवर निमूटपणे चालत आली आहे.

मोडलेल्या कोपराने मिळविलेला विजय वंदनीय आहे. परंतु तशाच अवस्थेत सायकलवरून उतरून, ‘आज मी धावणार नाही’ असे म्हणणाऱ्या एखाद्या अज्ञात मुलीची नोकरी दुसऱ्या दिवशी शाबूत राहील, तेव्हाच या खेळातील स्त्रियांना खरी मान्यता मिळाली असे म्हणता येईल.