बत्तीस एकरांचे मालक आणि स्क्रीनवरचे ठिपके

पुण्यात एक वन बीएचके नावावर व्हायला आपले केस पांढरे होतात. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात चक्क माकडांच्या नावावर ३२ एकर जमीन! २०२२ मध्ये ही बातमी देशभर गाजली. (तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता.) नोंद कुणी आणि कधी केली, कुणालाच ठाऊक नाही. पूर्वी गावातल्या लग्नात पहिला मान माकडांचा असे. आता सगळे तो पाळत नाहीत, पण दारात आलेल्या माकडाला कुणी उपाशी पाठवत नाही.

मी मात्र वेगळ्याच प्रश्नात अडकलो. टाकलेला घास आधी उचलणार टोळीतला दादा. पण तो दादा झाला कसा?

आपलं उत्तर तयार असतं : डोकं, डावपेच, खुन्नस. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या शार्लोट हेमेलरेइक यांनी कॉम्प्युटरवर ‘डॉमवर्ल्ड’ नावाचं जग उभं केलं. त्यातली माकडं म्हणजे नुसते ठिपके. कुणी दिसेना, तर शोधा. लांब दिसला, तर जवळ जा. फारच जवळ आला, तर भिडा. जिंकलात की भाव वधारतो, हरलात की पडतो. लिंबूटिंबूनं पैलवानाला लोळवलं, तर फरक जास्त. बस्स, एवढंच!

सुरुवातीला सगळे ठिपके सारखे. तरी यथावकाश उतरंड तयार होते आणि दादालोक मधोमध, बाकीचे कडेला. ‘मध्ये बसा’ असा नियम कुणी लिहिलेलाच नाही हो! हरणारे सतत पळतात, म्हणून कडेला जातात. भांडणं जास्त जहाल केली, की उतरंडही जास्त चढी होते.

डिसेंबर २०२१ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, लवूळला, वानरं कुत्र्याची पिल्लं उंचावर नेत होती. पिल्लं मेली, चॅनेलांनी ‘सूड’ म्हणून टाकलं, वनखात्यानं दोन वानरं पकडली. मला तो शब्द फार घाईचा वाटतो. साध्या नियमांतून हेच घडू शकतं का, हे आधी तपासायला नको? अर्थात ठिपका म्हणजे वानर नव्हे. ‘एवढ्यानंही होऊ शकतं’ इतकंच मॉडेल सांगतं. खरं काय ते झाडाखाली वही घेऊन बसणाऱ्यालाच कळणार.

तोवर वीकेंडला ‘नेटलोगो’ उतरवून घ्या, फुकट आहे. ठिपके शंभर ठेवा, उपळ्यात २०२२ मध्ये साधारण तेवढीच माकडं होती. खाणं एकदा एकाच पारावर ठेवा, एकदा गावभर विखरा. पाराभोवती काय होतं, ते मला कळवा.